वस्तीसाठी तंत्रज्ञान स्पर्धा : प्रायोजकाने पैसा कुठे आणि कधी घालावा

एका प्रभागापुरती, तिथल्या अडचणींवर तोडगे बनवायची तंत्रज्ञान स्पर्धा भरवायला आज फार मोठा पैसा लागत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजं, पॉलिटेक्निक आणि आयटीआय तालुक्यातालुक्यात आहेत. मुलांना खऱ्या प्रश्नावर हात चालवायची हौस आहे. स्थानिक उद्योजक, सहकारी बँक, रोटरी क्लब किंवा एखादं मोठं गणेश मंडळ मनावर घेईल तर पाच-सहा लाख रुपये सहज उभे राहतात. घोडं अडतं ते निकालानंतर. जिंकलेली टीम परीक्षेला लागते, सर्व्हरचं भाडं कुणी भरत नाही आणि पहिल्या पावसात गल्ली पूर्वीसारखीच तुंबते.

हा लेख पैसा देणाऱ्यासाठी आहे. स्पर्धा कशी जिंकावी यावर पुष्कळ लिहिलं जातं, पण ती कशी प्रायोजित करावी यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. माझं ठाम मत आहे की प्रायोजकाने बक्षिसाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. प्रश्न कुणाचा आहे, तोडगा रोज चालवणार कोण आणि निकालानंतरचं वर्ष कोण निभावणार, या तीन गोष्टी पक्क्या झाल्या की बक्षीस एक लाखाचं असो वा पन्नास हजारांचं, फार फरक पडत नाही.

आधी तीन शहरांचे अनुभव

वॉशिंग्टन डीसी शहराने २००८ मध्ये ‘ॲप्स फॉर डेमोक्रसी’ ही स्पर्धा घेतली. शहराने आपला डेटा खुला केला, ५०,००० डॉलर बाजूला काढले आणि ३० दिवसांत ४७ ॲप तयार झाली. जगभर गाजावाजा झाला, इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. पण बरीचशी ॲप लवकरच बंद पडली आणि पुढे शहराने स्पर्धाही थांबवली. बनवणाऱ्यांना जे सुचलं ते त्यांनी बनवलं होतं. ते रोज चालवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

दुसरा अनुभव आपल्या शेजारचा, हुबळी-धारवाडचा. तिथे नळाला काही दिवसांआड पाणी यायचं आणि नेमकं कधी येणार ते कळायचं नाही. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी यावर ‘नेक्स्टड्रॉप’ सुरू केलं. व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह उघडला की एका नंबरवर फोन करायचा आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा. साधा फोन पुरत होता. विद्यापीठाच्या स्पर्धेत ही कल्पना जिंकली, २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाइट फाउंडेशनच्या स्पर्धेत तिला ३,७५,००० डॉलर मिळाले. पुढे बंगळुरूत या सेवेचा पद्धतशीर अभ्यास झाला, तेव्हा घरांच्या रोजच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. मोठं कारण असं, की सगळी यंत्रणा व्हॉल्व्हमनच्या फोनवर उभी होती आणि ते फोन वेळेवर येतच होते असं नाही. त्याच्या रोजच्या कामात एका कामाची भर पडली होती, बदल्यात त्याच्या पदरात काय पडत होतं?

तिसरा अनुभव नाशिकचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या तयारीत मूळचे नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने २०१४ पासून ‘कुंभथॉन’ सुरू झालं. ते एका रात्रीचं हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून तोडगे बनवायची स्पर्धा, नव्हतं. ठरावीक महिन्यांनी पुन्हापुन्हा कार्यशाळा भरत. पोलीस, महापालिका, डॉक्टर, व्यापारी आपापल्या अडचणी घेऊन येत आणि स्थानिक मुलं त्यांवर काम करत. गर्दी मोजणारी ‘आशिओतो’ ही चटई त्यातूनच आली. वाटेवर अंथरलेल्या चटईवर पाय पडला की आतले सेन्सर मोजणी करतात आणि कुठून किती माणसं पुढे सरकताहेत ते कळतं. २०१५ च्या कुंभात ती प्रत्यक्ष वापरून पाहिली गेली. सिंहस्थ संपल्यावर टीसीएस फाउंडेशनच्या पाठबळावर नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ उभं राहिलं, म्हणजे मुलांना मेळा उठल्यावरही बसायला जागा, मार्गदर्शक आणि वेळ मिळाला. पुढचं मुख्य स्नान २०२७ मध्ये आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरात काही करू इच्छिणाऱ्या प्रायोजकाने हा नमुना जरूर अभ्यासावा.

पैसा कोणत्या खात्यातून जाणार, ते आधी ठरवा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. स्पर्धेचा खर्च त्यात घालता येईल का, हा पहिला प्रश्न असतो. इथे दोन अटी नीट समजून घ्याव्यात. आपल्या मालाची किंवा सेवेची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. आणि मॅरेथॉन, पुरस्कार अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांचा खर्चही त्यात बसत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ च्या परिपत्रकात म्हटलं होतं; २०२१ मध्ये त्याची जागा नव्या परिपत्रकाने घेतली, तेही पाहून घ्या. म्हणजे दोन दिवसांचा सोहळा आणि मंचामागे कंपनीचा भलामोठा फ्लेक्स, हा खर्च जाहिरातीच्या खात्यातूनच करावा लागेल. वर्षभराचा प्रकल्प, कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या विषयाशी जोडलेला, आणि स्पर्धा हा त्यातला एक टप्पा अशी मांडणी असेल, तर सीएसआर समितीपुढे नेता येतो. पैसा स्पर्धा चालवणाऱ्या एखाद्या संस्थेमार्फत जाणार असेल तर त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी झाली आहे का ते पाहा. प्रकल्पाच्या मूळ हेतूलाही हीच मांडणी मानवते, त्यामुळे कायद्याची ही अट मला जाचक वाटत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींना आपल्या गावासाठी काही द्यायचं असतं. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तर घेणाऱ्या संस्थेला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. ही विचारपूस पैसे पाठवण्याआधी करा.

बक्षिसाची रक्कम १०,००० रुपयांच्या वर जाते तेव्हा टीडीएसचा प्रश्न येतो. आपल्या सीएला विचारून आकडा जाहीर करतानाच ‘करपूर्व’ की ‘हातात पडणारी’ ते लिहा. मंचावर एक लाखाचा चेक आणि खात्यात सत्तर हजार, असं झालं की मुलं हिरमुसतात.

हद्द लहान ठेवा आणि प्रश्न पायी फिरून गोळा करा

आख्ख्या शहराची स्पर्धा घेऊ नका. एक प्रभाग, एखादी पेठ, नाहीतर एका ओढ्याकाठच्या चार वस्त्या पुरे. हद्द लहान असली की सकाळी उठून पायी फिरता येतं आणि सगळ्या कामात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

फिरायचं कुणाबरोबर? सफाई कामगारांची हजेरी भल्या पहाटे लागते, तिथे जा. मुकादमाशी बोला. व्हॉल्व्हमन, लाइनमन, आशाताई, अंगणवाडी सेविका, कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षा स्टँडवरची माणसं यांना वस्तीचा बारकावा जेवढा ठाऊक असतो तेवढा कुठल्याच अहवालात नसतो. पाणी भरायला येणाऱ्या बायकांशी बायकांनीच बोललेलं बरं, म्हणून पाहणी करणाऱ्या गटात निम्म्या मुली असाव्यात. आणि या सगळ्यांचा वेळ फुकट मागू नका. अर्ध्या दिवसाचं मानधन द्या. ज्यांच्या माहितीवर स्पर्धा उभी राहते, त्यांच्या हातात चहाचा कप देऊन भागवणं मला पटत नाही.

मग प्रश्न लिहायला घ्या. ‘स्मार्ट कचरा व्यवस्थापन’ असं लिहिलंत तर पंचवीस टीम सेन्सर लावलेला कचऱ्याचा डबा घेऊन येतील. त्याऐवजी असं लिहून पाहा :

‘आमच्या चाळीत घंटागाडी सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान कधीही येते. ज्या घरांतली दोघंही आठला कामावर जातात, त्यांचा कचरा कोपऱ्यावर पडतो. गाडीवाल्याकडे साधा फोन आहे आणि गाडी चालवताना तो हातात घेता येत नाही. चाळीत ६० घरं आहेत. काहींकडे स्मार्टफोन आहे, पण दिवसा तो शाळेतल्या मुलाकडे असतो. गाडी येण्याच्या दहा मिनिटं आधी घरात कळलं पाहिजे.’

अशा वर्णनातच अर्धं उत्तर असतं. कदाचित ॲप लागणारच नाही, चाळीच्या तोंडाशी एक भोंगा पुरेल. नियमावलीत स्पष्ट लिहा की ॲप बनवण्याची सक्ती नाही. मिस्ड कॉल, व्हॉट्सॲप, आवाजी संदेश, रंगवलेला फलक, सगळं चालेल. चार-पाचच प्रश्न ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला वस्तीतला एक माणूस ‘प्रश्नाचा धनी’ म्हणून नेमा. टीमने त्याला भेटल्याशिवाय प्रवेशिका स्वीकारू नका.

पालिकेच्या दारात स्पर्धेआधी जा

निकाल लागल्यावर विजेत्यांना घेऊन सहायक आयुक्तांना भेटायला गेलात, तर कौतुक होईल आणि काम तिथेच थांबेल. आधी जा. प्रभाग कार्यालयाकडून तीन गोष्टी लेखी मागा : चाचणीसाठी जागा, पालिकेचा एक ठरलेला संपर्क अधिकारी आणि हवी ती माहिती, म्हणजे घंटागाडीचे मार्ग, पाणी सोडण्याच्या वेळा, पावसाळी गटारांचे नकाशे. ही माहिती आपणहून जाहीर करावी असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतंच, पण अर्जाच्या भाषेपेक्षा समोर बसून बोललेलं लवकर कामाला येतं.

नगरसेवकांना भेटाल तर सगळ्यांना भेटा. महापालिकेच्या प्रभागात बहुधा चार जण असतात, बऱ्याचदा वेगवेगळ्या पक्षांचे. एकालाच बोलावलं की उरलेल्यांच्या दृष्टीने स्पर्धा त्याची होते, आणि पुढच्या निवडणुकीत वारं फिरलं की खांबावरचा फलकही उतरतो. फोटो आणि फलकांचे नियम पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

सहा लाखांचा हिशेब

समजा तुमच्याकडे ६ लाख रुपये आहेत. मी ते असे मांडेन : बक्षिसं मिळून १ लाख. निवडलेल्या टीमना नमुने बनवायला साहित्य आणि चाचणीसाठी १ लाख. विजेत्या टीममधल्या एक-दोघांना निकालानंतर काम पुढे नेण्यासाठी दरमहा मानधन आणि चालू खर्च मिळून २.५ लाख. वस्तीतल्या आणि पालिकेच्या माणसांच्या मानधनाला ५० हजार, जागा-जेवण-छपाईला ६० हजार. उरलेले ४० हजार हात न लावता ठेवायचे, कारण पावसात काहीतरी भिजतं, चोरीला जातं, पुन्हा आणावं लागतं.

समारंभाला दहावा हिस्सा आणि निकालानंतरच्या कामाला निम्म्याच्या आसपास, हे प्रमाण सांभाळा. रक्कम कमी असेल तर प्रश्नांची संख्या कमी करा, पुढच्या वर्षाचा पैसा कापू नका. संस्थेला पूर्ण रक्कम एकदम देण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने द्या, पण टप्पा पूर्ण झाल्यावर महिनाभर चेक अडवून ठेवू नका. लहान संस्थेचं कंबरडं त्यानेच मोडतं.

नियमावलीत काय हवंच

टीममध्ये निदान एक जण त्याच प्रभागात राहणारा हवा. प्रवेशिका आणि सादरीकरण मराठीत चालेल असं नुसतं लिहू नका, परीक्षकही तसे नेमा. बनवलेली वस्तू कुणाची, यावर नंतर भांडणं होतात. माझा सल्ला असा, की मालकी टीमची राहू द्या, मात्र त्या प्रभागात ती विनामूल्य आणि कायम वापरण्याचा हक्क पालिकेला व वस्तीला द्या. पालिकेला पुढे दुसऱ्या कुणाकडून दुरुस्ती करून घेता यावी म्हणून कोड खुला ठेवायची अट घाला. प्रायोजकाने स्वतःसाठी हक्क मागणं मला मुळीच योग्य वाटत नाही.

लोकांची माहिती गोळा होणार असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घ्या. कशासाठी माहिती घेतोय ते मराठीत सांगून संमती घ्यायची. १८ वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. घरात कुणी नसण्याच्या वेळा, बायकांचे फोन नंबर, आजारपणं असं काहीही टीमच्या खासगी गूगल शीटमध्ये राहता कामा नये.

एक अट जिवाच्या सुरक्षेची. गटारावरचा कुठलाही तोडगा असो, स्पर्धेच्या निमित्ताने कुणीही चेंबरमध्ये उतरायचं नाही. स्पर्धक नाही, सफाई कामगार तर नाहीच. हाताने मैला साफ करायला लावण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे आणि तरीही माणसं आत गुदमरून मरतात. सेन्सर वरून बसवता येत नसेल तर ती प्रवेशिका बाद. यावर चर्चा नको.

तारखा आणि दिवस

गणेशोत्सव, दिवाळी आणि सेमिस्टरच्या परीक्षा टाळल्या की जानेवारी-फेब्रुवारी उरतात आणि ते महिने उत्तम आहेत. तेव्हा निकाल लागला तर मार्च ते मे नमुना सुधारता येतो आणि जूनच्या पहिल्या सरींत खरी परीक्षा होते. सलग ३६ तास जागून काम करायची पद्धत स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे आपल्याकडे रुळली आहे. पण वस्तीच्या कामाला ती बसत नाही. रात्री वस्तीतलं कुणी भेटत नाही आणि बऱ्याच मुलींना घरून रात्रभर राहायची परवानगी नसते. तीन शनिवार-रविवार ठेवा, मधल्या आठवड्यांत टीमने वस्तीत जाऊन आपलं बनवलेलं दाखवून यावं.

परीक्षण जागेवर करा

पाच परीक्षकांपैकी दोघं वापरणारे हवेत, एक पालिकेचा माणूस आणि एक असा तंत्रज्ञ ज्याने अशी वस्तू रस्त्यावर वर्षभर चालवली आहे. प्रायोजकाचा प्रतिनिधी एकच. अंतिम फेरी सभागृहात स्लाइड दाखवून न करता जिथे वस्तू वापरायची तिथे करा. गुणांचा मोठा वाटा एकाच गोष्टीला द्या : टीममधलं कुणी न बोलता, व्हॉल्व्हमनने किंवा ताईंनी ती वस्तू स्वतः चालवून दाखवावी.

जागेवर गेलं की पुष्कळ काही उघडं पडतं. चेंबरच्या लोखंडी झाकणाखाली सिम कार्डाला रेंज मिळत नाही. पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरवर वाफ धरते, दोन दिवसांत कोळी जाळं विणतो आणि पाणी नसताना ‘पूर आला’ असा संदेश जातो. खांबावरचा डबा शिडीशिवाय उघडत नाही आणि शिडी प्रभाग कार्यालयात कुलपात असते. या अडचणी ज्या टीमने परीक्षकांनी विचारायच्या आधी स्वतः सांगितल्या, तिला मी जास्त गुण देईन.

निकालानंतरचे बारा महिने

निकालाच्या दिवशीच करारावर सह्या व्हाव्यात : प्रायोजक, टीम, संस्था आणि प्रभाग कार्यालय. करार दोन पानांचा पुरे, पण त्यात या गोष्टींची नावानिशी जबाबदारी असावी. बॅटरी कोण बदलणार? सर्व्हरचं भाडं आणि सिमचा रिचार्ज कोणाच्या खात्यातून? तक्रार आली तर फोन कोण उचलणार? टीमची मुलं नोकरीला लागून बाहेरगावी गेली तर पासवर्ड कुणाकडे?

एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार पाठवणाऱ्या संस्थेची डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत) नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांना याची कल्पना नसते आणि त्यात बरेच दिवस जातात. ही नोंदणी संस्थेच्या किंवा तुमच्या नावावर, फेब्रुवारीतच सुरू करा. सर्व्हर आणि डोमेनही कुणा विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नकोत.

उपयोग झाला की नाही हे मोजायला सुरुवातीचा आकडा हातात हवा. घंटागाडीचं उदाहरण घेतलं, तर स्पर्धेआधी दोन आठवडे रोज सकाळी दहाला त्या कोपऱ्याचा एकाच जागेवरून फोटो काढा. तोडगा सुरू झाल्यावर तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तसेच फोटो काढा. किती जणांनी ॲप डाउनलोड केलं याला अहवालात फार जागा देऊ नका. कोपरा दिसू द्या.

व्हॉल्व्हमनचं किंवा गाडीवाल्याचं काम वाढलं असेल, तर त्याला त्याचा मोबदला प्रकल्पातून मिळालाच पाहिजे. तो किती, हे त्याच्याशीच बोलून ठरवा. बक्षीस समारंभात त्याला मागच्या रांगेत बसवू नका.

सहाव्या महिन्यात सगळ्यांना एकत्र बसवा आणि चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवा. चालत नसेल तर वस्तू खांबावरून उतरवून आणा, लोकांना संदेश पाठवून सांगा की सेवा अमुक तारखेला थांबतेय आणि गोळा केलेली माहिती पुसून टाका. चालत असेल तर पालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात तिच्या देखभालीची तरतूद व्हावी म्हणून पाठपुरावा सुरू करा. महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, त्यामुळे मागणी दिवाळीच्या सुमारास पोचायला हवी. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तिथे त्या अर्जातूनही हे मागता येईल.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा घ्यायची असेल, तर नवे प्रश्न गोळा करण्याआधी गेल्या वर्षीच्या प्रश्नांचे धनी एका टेबलाभोवती बसवा आणि यंदाची यादी त्यांच्याकडून घ्या.